भिंतीला ठोसा

मार खाण्याच्या विषयावर माझं मत कोणीही विचारलं नव्हतं. मी गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून, मान पुढे वाकवून केस कापून घेत बसलो होतो. मानेवर वस्तरा असताना माणसाने मत देऊ नये, एवढी अक्कल कोंबडीलाही असते. पण कोंबडी सरकारी नोकरीत नसते. वजनमापे निरीक्षक म्हणून इतकी वर्षं काढल्यावर समोर काही चुकीचं तोललं जात असेल, तर मला गप्प बसवत नाही. हा माझा गुण आहे असं मी समजतो. घरी याला दुसरा शब्द आहे.

सलूनमधल्या टीव्हीवर बॉक्सिंगची जुनी लढत पुन्हा दाखवत होते. एकीकडे कोणी परका, दुसरीकडे आमच्या शहराचा विजेता, भिंत. त्याचं खरं नाव बहुधा त्याच्या पासपोर्टलाच ठाऊक असावं. हे नाव त्याला ठोसे मारण्यावरून पडलेलं नव्हतं, खाण्यावरून पडलं होतं. समोरचा मारून मारून दमायचा, मग हा शांतपणे एक ठेवून द्यायचा आणि घरी जायचा. उभ्या आयुष्यात तो आडवा झालेला नव्हता.

"बघा, बघा भावोजी!" बाकावर नंबर लावून बसलेला माझा मेहुणा ओरडला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. भिंतीचा फोटो त्याच्या फोनवर आहे, पाकिटात आहे आणि त्याच्या बायकोचा डोळा चुकवून कपाटाच्या आतल्या बाजूलाही आहे. "असा मार पचवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नाही!"

"जबडा," दाताचे डॉक्टर म्हणाले. त्यांचा दवाखाना सलूनच्या वरच्या मजल्यावर. पेशंटला सुई टोचून हिरडी बधिर होईपर्यंत ते खाली येऊन टीव्ही बघतात. "सगळं जबड्याच्या ठेवणीवर असतं. असा जबडा पाहायला मिळत नाही."

"जबडा नाही हो डॉक्टर, मान," सलूनवाला म्हणाला आणि मुद्दा पटवण्यासाठी त्याने माझी मान धरून डावी-उजवीकडे गदागदा हलवली. "अशी मान असली की संपलं. माणूस कामातून गेला. तिकडे हलतच नाही ना!"

आता माझ्या मानेचा असा जाहीर दाखला दिला गेल्यावर मी गप्प कसा बसणार?

"तो पचवत नाहीये," मी कापडातून म्हणालो. "तो नुसता उभा आहे. दोन्हींत फरक आहे."

"म्हणजे?"

"काट्यावर जड वजन ठेवलं आणि काटा मोडला नाही, म्हणजे काटा चांगला, असं नसतं. वजन उचलल्यावर तो झटकन शून्यावर आला पाहिजे. याचा येत नाही. मघाशी घंटा झाली तेव्हा पाहिलंत? तो चुकीच्या कोपऱ्यात गेला. समोरच्याच्या स्टुलावर जाऊन बसायला लागला होता."

"ती गंमत केली त्याने!" मेहुणा म्हणाला. "सगळे हसले ते ऐकलं नाहीत? खिजवत होता त्याला."

"गंमत करणारा माणूस आधी लोकांकडे बघतो. याने बघितलं नाही. मी सांगतो तुम्हाला, याची मार खायची ताकद संपली आहे."

सलूनमध्ये शांतता पसरली. माझ्या युक्तिवादाने सगळे गार पडले असं वाटून मी समाधानाने मान वर केली. समोरच्या आरशात मला मी दिसलो, माझ्यामागे कात्री हवेत धरून थिजलेला सलूनवाला दिसला आणि त्याच्यामागे, दरवाजाची पूर्ण चौकट भरून, भिंत दिसला.

तो केस कापायला आला होता. विजेत्यांचेही केस वाढतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"कोण म्हणालं?" त्याने विचारलं. आवाज इतका मऊ की त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

सलूनवाल्याने कात्रीने माझ्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी हनुवटीने केलं. मेहुण्याला शंकेला जागा ठेवायची नव्हती. तो उठून उभा राहिला आणि अभिमानाने म्हणाला, "माझे भावोजी!"

"अहो, मी आपलं सहज..."

"काका," भिंत म्हणाला. मला काका म्हणण्याइतका तो लहान नव्हता, पण त्या क्षणी मी वयाचा वाद काढला नाही. "रविवारी सकाळी जिममध्ये या. मी हात मागे बांधून उभा राहतो. तुम्ही मारून बघा. ताकद संपली की आहे, ते आपल्या दोघांनाही कळेल."

"मी खरंच सहज म्हणालो हो."

"मीही सहजच म्हणतोय," तो म्हणाला आणि बाकावर बसला. बाक करकरला. सलूनवाल्याने बाकाकडे बघत बघत माझे उरलेले केस उरकले. घरी जाऊन पाहिलं तर एक कल्ला कानाच्या वर होता आणि एक खाली. पण परत जाऊन तक्रार करायची माझी छाती झाली नाही.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. बायको दारातच उभी होती.

"तुम्ही? भिंतीला?" ती म्हणाली. "अहो, भिंतीत खिळा ठोकायचा तर तुम्ही सुतार बोलावता."

मी तिला समजावलं, की हा शारीरिक बळाचा नव्हे, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्वाला हात लावा पण त्या माणसाला लावू नका.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. जिन्यात लोक थांबून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत, विशेषतः वरपासून, कारण कल्ले. सल्ल्यांना तर ऊत आला. दाताच्या डॉक्टरांनी मला जिन्यातच अडवून माझी मूठ वळवायला लावली, ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "अंगठा आत घेऊ नका, मोडेल. आणि दातांवर मारू नका. त्याचे दात नव्हेत, तुमचं मनगट जाईल." सलूनवाला म्हणाला, नाकावर मारा, नाक कोणाचंही नाकच असतं. मी तपासणीला गेलो की दुकानदार आपली वजनं पुढे करायचं सोडून म्हणत, "साहेब, रविवारी आम्ही येतोय बरं का!" एरवी मला बघून ज्यांच्या कपाळावर आठ्या पडत, ते आता हसून हात मिळवू लागले. मिळवताना जरा दाबूनही बघत.

मेहुण्याने तर कहर केला. त्याने मला गच्चीवर नेलं, कपडे वाळत घालायच्या दोरीला एक उशी टांगली आणि म्हणाला, "हाणा!" मी हाणली. उशी गोल फिरून मागून माझ्याच डोक्यावर बसली. "भावोजी, तुम्ही जिंकावं असं मला मुळीच वाटत नाही," तो प्रांजळपणे म्हणाला, "पण आपल्या घराण्याची शोभा होऊ नये एवढंच."

सुटकेचा एक मार्ग मला सुचला आणि माझ्या बुद्धीचं मलाच कौतुक वाटलं. सरकारी नोकर खात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय कुठल्याही सार्वजनिक सामन्यात भाग घेऊ शकत नाही. आणि खातं परवानगी देत नाही. कशालाच देत नाही. माझ्या खुर्चीचा एक पाय तुटलाय, तो बदलण्याची परवानगी मी मागितली त्याला इतका काळ लोटला, की त्या पायाखाली ठेवलेली वीटसुद्धा आता झिजली आहे. मी सविस्तर अर्ज केला. नकार देणं सोपं जावं म्हणून त्यात धोक्याची सगळी कारणंही स्वतःच घातली.

साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढला. उठून उभे राहिले. या साहेबांना उठताना मी फक्त जेवणाच्या सुट्टीत पाहिलं होतं.

"आपल्या खात्याचा माणूस!" ते म्हणाले. "आजवर आपल्याला कोणी विचारलं नाही हो. पोलीस खात्याचं नाव होतं, अग्निशमनवाल्यांचं होतं. आपलं काय? आपण तराजू!"

अर्ज ते स्वतः घेऊन वर गेले. माझा चहा निवायच्या आत परवानगी आली. खात्याची हरकत नाही, इजा झाल्यास खातं जबाबदार नाही आणि सर्व कर्मचारी प्रोत्साहनासाठी उपस्थित राहतील. रविवार असूनही.

मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे धाव घेतली. ते मला वर्षानुवर्षं रक्तदाबावरून दम देतात. त्यांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत फुगवला आणि म्हणाले, "अभिनंदन! इतका छान दाब तुमचा कधीच नव्हता. बेलाशक खेळा." संकटात सावलीही साथ सोडते म्हणतात. माझा तर रक्तदाबही फितूर झाला.

मग एके दुपारी कचेरीत एक बाई आली. मी तपासणीच्या खोलीत होतो. तिथे आमची प्रमाण वजनं मखमलीच्या पेटीत ठेवलेली असतात आणि त्यांना वारा लागू नये म्हणून पंखासुद्धा लावत नाहीत. ती दारातच थांबली. मी तिला ओळखलं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात तीच डोळे तपासते, माझा चष्माही तिच्याकडचाच.

"मी भिंतीची मोठी बहीण," ती म्हणाली.

मी उभा राहिलो. "ताई, माझ्याकडून चूक झाली. मी त्यांची माफी मागायला तयार आहे. हवं तर आत्ता येतो."

"चूक झाली नाही," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर बोललात. म्हणून तर आले."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. तिने हळू आवाजात, चाचणीची अक्षरं वाचून दाखवावी तसं, एकेक सांगितलं. भाऊ एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. गॅसवर दूध ठेवून अंघोळीला जातो. परवा तिच्या दुकानात येऊन उभा राहिला आणि कशाला आलो ते त्याला सांगता येईना. सगळ्यांना वाटतं तो गंमत करतो, कारण लहानपणापासून गमत्या आहे. आणि तोही मग हसून गंमत केल्यासारखं दाखवतो.

"त्यांचे प्रशिक्षक काय म्हणतात?"

"विश्रांती घे म्हणतात. आणि पुढच्या महिन्यात लढतही ठरवतात." तिने बोटातली किल्ली फिरवली. "मी त्याला दवाखान्यात न्यायचा किती प्रयत्न केला. दाराशी जातो आणि पायरीवरून परत फिरतो. म्हणतो, ताई, भिंत दवाखान्यात गेली तर लोक तिला भिंत म्हणतील का? मी डोळे तपासते हो. माझ्याच भावाच्या डोळ्यांत मला दिसतंय, आणि तो म्हणतो तुला बाहुल्यांपलीकडे काय कळतं."

"मग मी काय करू?"

"रविवारी जोरात मारा."

मी मखमलीच्या पेटीचा आधार घेतला. असं कुणी करू नये, नियमाविरुद्ध आहे. "ताई, अहो, तुम्हीच म्हणताय की डोक्याला... आणि मी मारला आणि त्यांना काही झालं तर?"

"तुमच्याने काय होणार!" ती पटकन म्हणाली, आणि मग, "म्हणजे, तसं नाही. पण चारचौघांसमोर तो नुसता हलला, एक पाऊल मागे गेला, तरी त्याला मानावं लागेल. दुसरा उपाय मला दिसत नाही."

ती गेली. मी पेटीपुढे बसून राहिलो. इतके दिवस मला माझ्या जिवाची भीती होती. आता त्याच्या जिवाची वाटू लागली, आणि ही दुसरी भीती पहिलीपेक्षा फार वाईट निघाली. स्वतःच्या भीतीवर माणूस विनोद तरी करू शकतो.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ताट पुढ्यात तसंच होतं. "मी रविवारी जातो आणि सगळ्यांसमोर शब्द मागे घेतो," मी म्हणालो. "लोक काय हसायचे ते हसतील."

तिने हातातलं भांडं फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "आणि पुढच्या महिन्यात तो खऱ्या माणसाचा मार खाईल."

"म्हणजे मी खोटा माणूस?"

"तुमचं आपलं तेच," ती म्हणाली. पण तिने माझ्या ताटात अजून एक पोळी वाढली आणि कधी नाही ते माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यावरून परिस्थिती किती गंभीर आहे हे मला कळलं.

रविवारी जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चामड्याचा, घामाचा आणि ओल्या टॉवेलांचा वास भरला होता. मधोमध दोऱ्यांचा चौकोन, कोपऱ्यात एक बादली आणि स्टूल. पुढच्या रांगेत आमचे साहेब सहकुटुंब. मागे अख्खी कचेरी, दुकानदार, सलूनवाला, आणि दाताचे डॉक्टर. या वेळी ते कोणालाही बधिर करून आले नसावेत अशी मी आशा केली. बायको भिंतीला टेकून उभी होती. विटांच्या. मेहुण्याने माझ्या हातात ग्लोव्ह चढवून नाड्या आवळल्या. ते इतके मोठे होते, की मला कुणी दोन उशा विकायला पाठवलंय असं वाटत होतं.

भिंत दोऱ्यांतून आत आला. हात त्याने स्वतःच मागे घेतले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं.

"कुठे मारणार, काका?"

"पोटात चालेल?"

जिम हसून हसून लोटपोट झाली. तोही हसला. मग त्याने हनुवटी पुढे केली. "ताकद संपलीय म्हणालात ना? मग इथे."

मी घसा खाकरला. "मंडळी," मी म्हणालो, "मी माझे शब्द मागे घेतो. सलूनमध्ये मी जे बोललो, ते..."

"ए! ए! ए!" लोक ओरडले. साहेबांनी "खात्याचा मान!" अशी आरोळी दिली. भिंत एक पाऊल पुढे आला, इतका जवळ की त्याचे शब्द फक्त मला ऐकू येतील.

"मारा, काका," तो म्हणाला. "मलाही बघायचंय."

हसू त्याच्या तोंडावर तसंच होतं. आवाजात मात्र नव्हतं. मी दोऱ्यांपलीकडे पाहिलं. त्याची बहीण तिथे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं.

मी मारला. हनुवटीवर मारायचं धैर्य झालं नाही, गालावर मारला. फार जोरात नाही, पण अगदीच सरकारीही नाही. ओलं फडकं फरशीवर आपटावं तसा आवाज झाला. माझ्या मनगटातून एक कळ निघाली ती थेट खांद्यात. भिंत तसूभरही हलला नाही. पापणीसुद्धा लवली नाही त्याची.

छप्पर उडेल असा गलका झाला. मेहुणा नाचत होता. मी हरलो होतो, आणि खरं सांगतो, इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी हरलो नव्हतो. हात पुढे करून मी म्हणालो, "जिंकलात."

भिंत माझ्याकडे बघत होता. त्याने हनुवटी पुढेच धरली होती.

"हं," तो म्हणाला. "मारा, काका."

जिम पुन्हा फुटली. साहेबांनी मांडीवर थाप मारली. "ठोसा लागलाच नाही त्याला!" कोणीतरी ओरडलं. माझे कान तापले. चेष्टेलाही काही सीमा असते. मी सभ्य माणूस आहे, मला घरी बायको आहे, आणि ती इथेच उभी आहे.

"मारला की!" मी फणकाऱ्याने म्हणालो.

आणखी हशा.

"घाबरू नका हो," भिंत म्हणाला. मला धीर द्यायला त्याने मान किंचित खाली केली. "एकदा मारून टाका, म्हणजे सुटलात."

त्याने लोकांकडे बघितलं नाही. एकदाही नाही. त्याच्या डोळ्यांत कसली गंमत नव्हती, खोडसाळपणा नव्हता. बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा तो शांतपणे वाट बघत होता. गालावर माझ्या ग्लोव्हचा लालभडक ठसा उमटला होता आणि त्या ठशाची त्याला खबर नव्हती.

मी त्या ठशाकडे बघत हात खाली घेतला.

"भावोजी, दुसरा!" मेहुणा दोऱ्या हलवत ओरडत होता. "दुसरा! दुसरा!" आणि सगळ्या जिमने ताल धरला. त्या तालावर तो माणूस हात मागे धरून, चेहरा पुढे करून, पहिल्याच ठोशाची वाट बघत उभा. त्याच्या बहिणीने दोरी दोन्ही हातांनी धरली होती. तिला कळलं होतं. आम्हा दोघांनाच कळलं होतं.

काय करावं? मोठ्याने सांगावं, की बाबांनो, याला काही आठवत नाहीये? कोण ऐकणार? हरलेला माणूस रडतोय म्हणतील. आणि तोही हसेल, गंमत केली म्हणेल, त्याला तर सवयच झालेली. पुढच्या महिन्यात जाईल आणि हात मागे न बांधलेल्या माणसासमोर उभा राहील. ताल वाढत होता.

मग मी खाली बसलो. तिथेच, चटईवर फतकल मारून. उजवा हात पोटाशी धरला आणि जेवढा आवाज या देहात होता तेवढा काढून ओरडलो.

"मोडला! मेलो! हात मोडला माझा!"

हात दुखत होता, नाही असं नाही. पण बर्फाची पिशवी धरून घरी पडलो असतो तर दुखायचा थांबला असता. मी मात्र असा टाहो फोडला, की ताल तुटला. मग जो हशा उसळला, त्याची बरोबरी आधीचे सगळे हशे मिळूनही करू शकत नव्हते. साहेबांनी मान दुसरीकडे फिरवली. खात्याचा मान गेला, तो त्यांच्या मानेतून जाताना मला स्पष्ट दिसला. दाताचे डॉक्टर गर्दीतून पुढे येत म्हणाले, "बघू, बघू, तोंड उघडा."

भिंतीचा चेहरा मात्र बदलला. तो माझ्याशेजारी गुडघ्यावर बसला. "काका, हलवू नका हात. अजिबात हलवू नका." त्याने मला दोन्ही हातांवर उचललं, लहान मुलाला उचलावं तसं. "ताई, गाडी काढ! लवकर!"

भर गर्दीतून मी असा निघालो. एका हातावर माझी मान, दुसऱ्यावर गुडघे, आणि माझे पाय लोंबकळताहेत. लोक वाट करून देत होते आणि फोनवर फोटो काढत होते. एक बूट वाटेत पडला. बायकोने तो उचलला आणि काही न बोलता मागून चालत आली. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी ओरडणं क्षणभर थांबवून डोळा मिचकावला. तिने बूट छातीशी धरला आणि डोळे पुसले.

गाडीत मागच्या सीटवर मी मध्ये, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला तो. कुठूनतरी बर्फ आणून त्याने टॉवेलात गुंडाळला होता आणि माझा ग्लोव्ह उतरवून मनगट तो धरून बसला होता. इतक्या हलक्या हाताने, की त्या हातांचं काम वेगळं आहे हे खरं वाटू नये.

"कसं लागलं हो काका तुम्हाला?" त्याने विचारलं.

समोर बहिणीचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"तुम्हाला मारताना," मी म्हणालो.

"कधी?"

"आत्ता. जिममध्ये. तुमच्या गालावर."

त्याने हात वर नेला. गाल चाचपला. मग पुढे वाकून गाडीच्या छोट्या आरशात पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. सिग्नल लागला, सुटला, मागच्या गाडीने भोंगा वाजवला, तेव्हा त्याची बहीण भानावर आली आणि गाडी पुढे गेली.

"मग लोक हसत का होते?"

"त्यांना वाटलं तुम्ही माझी चेष्टा करताय."

"आणि तुम्हाला?"

"आधी मलाही तसंच वाटलं," मी म्हणालो. "मग नाही वाटलं."

तो मागे टेकला. खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "त्या लढतीत मी त्याच्या स्टुलावर बसायला गेलो, ती गंमत नव्हती." मग तो समोरच्या सीटकडे वळला. "ताई, ती गंमत होती असं मी तुला सांगितलं होतं."

"माहीत होतं मला," बहीण म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दवाखाना आला. गाडी थांबली. त्याने दार उघडून मला पुन्हा उचललं, मी चालू शकतो हे त्याच्या मनातही आलं नाही. मीही ते त्याच्या लक्षात आणून दिलं नाही. पायरीपाशी तो थांबला. त्याचा श्वास माझ्या कानाशी जोरात चालला होता. मी चांगल्या हाताने त्याच्या मानेला मिठी मारली आणि कण्हलो. मोठ्याने कण्हलो. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला ते कण्हणं खरं वाटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मग तो पायरी चढला.

आतल्या लांब खोलीत बाक मांडले होते. आमच्यामागोमाग दोन-तीन गाड्या भरून लोक आले. मेहुणा, सलूनवाला, दाताचे डॉक्टर, आणि शेवटी, काही झालं तरी कर्मचारी आपलाच म्हणून, आमचे साहेबही. एवढी वरात पाहून नर्स टेबलामागून उठली.

"काय गडबड आहे ही? लागलंय कोणाला?"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बोटं दाखवली. मेहुणा म्हणाला, "माझे भावोजी!" मी पुढचा टाहो फोडायला तोंड उघडलं.

भिंतीने मला बाकावर हळूच टेकवलं. माझी वाकडी झालेली कॉलर सरळ केली. मग उभा राहिला आणि नर्सकडे वळला.

"मला," तो म्हणाला.